बांध फुटणारे मन : एका विकाराची ओळख आणि बरे होण्याच्या वाटा



या पानावर आपण एरवी बेणेनिवड, खोडव्याची निगा, माती परीक्षण, पाण्याच्या पाळ्या आणि उसाची बिले यांविषयी वाचता. उसावर तांबेरा आला तर काय करावे, हुमणीचा बंदोबस्त कसा करावा, हे आपण वर्षानुवर्षे छापत आलो आहोत. पीक पिवळे पडले की सभासद पान तोडून घेऊन शेतकी खात्यात येतो. त्याला त्याची लाज वाटत नाही. पण घरातले माणूस आतून करपू लागले, तर मात्र आपण दार लावून घेतो आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतो.

म्हणून या अंकात आम्ही मनाच्या एका विकाराविषयी लिहीत आहोत. डॉक्टर मंडळी त्याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात. नाव अवघड आहे. पण या विकाराने घातलेला गोंधळ आपल्यापैकी अनेकांनी आपल्या घरात नाही तर भावकीत पाहिलेला असेल. त्याला नाव आहे आणि त्यावर उपाय आहे, एवढेच ठाऊक नसेल.

हे लिहिण्याचा तुम्हाला अधिकार काय, असे कुणी विचारील. आम्ही डॉक्टर नव्हे. पण या विकाराच्या बाबतीत आम्ही स्वतः एक मोठी चूक केलेली आहे. ती दुसऱ्या कुणी करू नये, हाच आमचा अधिकार.

आमच्या घरातली गोष्ट

आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी. नाव-गाव सांगत नाही. हा मजकूर तिला वाचून दाखवला आहे आणि तिच्या संमतीनेच छापीत आहोत.

पोरगी शाळेत हुशार, बोलण्यात चटपटीत. पण लहानपणापासूनच मनाने फार हळवी. कॉलेजला गेल्यावर सगळेच वाढले. एखादी मैत्रीण आज जीव की प्राण असायची; तिने दोनदा फोन उचलला नाही की "तिचं तोंड बघायचं नाही मला". राग आला की ताट भिंतीवर. तासाभराने तीच पोरगी आईच्या पायाशी बसून रडायची, "आई, मी लई वाईट हाय का गं?" कधी म्हणायची नर्स होणार, महिन्याने म्हणायची पोलीस भरती, मग काहीच नको. "आत मोकळं मोकळं वाटतं, काहीच नाही असं वाटतं," हे तिचे नेहमीचे बोलणे. उन्हाळ्यातसुद्धा ती लांब बाह्यांचे कपडे का घालते, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही. पुढे कळले, ती स्वतःलाच इजा करून घेत होती.

गावाने आपापली निदाने केली. कुणी म्हणाले बाहेरचे आहे, अमुक ठिकाणी नेऊन आणा. कुणी म्हणाले लाडाने बिघडली. आणि आम्ही, घरातले शिकलेले मामा, काय म्हणालो? "अगं, नाटकं करतीय पोरगी. लग्न लावून देऊ. जबाबदारी पडली की येईल ताळ्यावर."

स्थळ आम्हीच आणले. बोलणीही आम्हीच केली. मुलाकडच्यांना काही सांगितले नाही आणि मुलीला काही विचारले नाही. लग्न अकरा महिने टिकले. मुलगा वाईट नव्हता. हंगामात त्याला रात्रपाळी असे. यायला उशीर झाला की हिला वाटे, हा आपल्याला सोडून गेला. मग फोनावर फोन, आणि तो घरी आला की भांडण. तो बिचारा बुचकळ्यात पडे, कारण सकाळी हीच त्याला "तुमच्यासारखं माणूस मिळायला नशीब लागतं" असे म्हणालेली असे. शेवटी ती माहेरी आली. वेगळे होण्याचे कागद घरी आले, त्या रात्री तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. वेळेवर दवाखान्यात पोचली म्हणून वाचली.

दवाखान्याच्या बाकावर बहीण आमच्याशेजारी बसली होती. ती एवढेच म्हणाली, "दादा, तू म्हणाला हुतास नाटक हाय म्हणून."

त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले, डॉक्टरांना विचारले. त्यातले जे पक्के आहे ते पुढे देत आहोत.

हे नाव कसे पडले?

बॉर्डरलाइन म्हणजे सीमारेषा, आपल्या भाषेत बांध. न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ साली काही रुग्णांना हा शब्द लावला. त्या काळी मनाच्या आजारांचे दोन शिवार मानले जात. एका बाजूला चिंता, भीती वगैरे सौम्य विकार आणि दुसऱ्या बाजूला वास्तवाचे भान सुटणारे तीव्र विकार. हे रुग्ण धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत, बांधावर उभे आहेत, असे डॉक्टरांना वाटले. पुढे ही समजूत मागे पडली, पण नाव चिकटले ते चिकटलेच. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानसूचीत या विकाराला स्वतंत्र जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आधीच्या सूचीत याला भावनिकदृष्ट्या अस्थिर व्यक्तिमत्त्व असे म्हटले होते. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या सूचीतही बॉर्डरलाइन स्वरूपाचा उल्लेख आहे.

"पर्सनॅलिटी डिसऑर्डर" या शब्दांनी पुष्कळ लोक घाबरतात. माणूसच मुळातून खराब, असा अर्थ कुणी घेऊ नये. भावनांना आवर घालणे, नाती सांभाळणे आणि स्वतःची ओळख धरून ठेवणे, ही तीन कामे ज्याला फार जड जातात, त्याचे हे वर्णन आहे.

कसे ओळखावे?

अमेरिकन सूचीत नऊ खुणा दिल्या आहेत. त्यांपैकी किमान पाच असतील, तारुण्याच्या सुरुवातीपासून असतील आणि घर, काम, मैत्री अशा अनेक ठिकाणी दिसत असतील, तरच डॉक्टर हे निदान करतात. त्या खुणा आम्ही साध्या शब्दांत देतो :

(१) आपल्याला कुणी तरी सोडून जाईल याची जिवाला लागलेली धास्ती. ते टळावे म्हणून वाटेल ते करणे.
(२) नाती टोकाची. आज देव, उद्या दगड.
(३) मी कोण, मला काय हवे, याचा सतत बदलणारा अंदाज.
(४) तोल सोडून केलेल्या गोष्टी : उधळपट्टी, दारू, बेफाम गाडी चालवणे, अधाशासारखे खाणे.
(५) स्वतःला इजा करणे, जीव देण्याची भाषा किंवा प्रयत्न.
(६) मनःस्थितीचे झपाट्याने पालटणे. ही लाट बहुधा काही तास टिकते, क्वचितच काही दिवस.
(७) कायमचे रितेपण.
(८) प्रसंगाच्या मानाने फार मोठा आणि न आवरणारा राग.
(९) फार ताण आला असता थोड्या काळापुरता संशय, किंवा आपण आपल्या अंगातच नाही असे वाटणे.

ही यादी वाचून कुणी शेजाऱ्यापाजाऱ्यांवर शिक्के मारू नयेत. राग कुणाला येत नाही? विशीतल्या कुठल्या पोराला आपण कोण हा प्रश्न पडत नाही? निदान करणे मानसोपचारतज्ज्ञाचे काम आहे आणि तेही एका भेटीत होतेच असे नाही. उन्माद-नैराश्याच्या, म्हणजे बायपोलर आजाराशी याची पुष्कळदा गल्लत होते. तिथे मनाची भरती-ओहोटी कित्येक दिवस किंवा आठवडे चालते. इथे सकाळी एक तर दुपारी दुसरे, आणि बहुधा त्यामागे कुणाच्या तरी शब्दाचा, नजरेचा, उशिराचा धक्का असतो.

आणखी एक गोष्ट. हा बायकांचा आजार आहे, असा पुष्कळांचा समज आहे. दवाखान्यात स्त्रिया जास्त दिसतात हे खरे. पण अमेरिकेत सर्वसामान्य लोकांची पाहणी केली तेव्हा स्त्री-पुरुषांत फारसा फरक आढळला नाही. पुरुषांच्या बाबतीत दारू आणि मारामारी तेवढी डोळ्यांत भरते. मग त्याला "तापट" किंवा "बेवडा" म्हणून मोकळे होता येते. आपल्या शिवारात असा कुणी आहे का, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

कशामुळे होतो?

एकच कारण सांगता येत नाही. जमीन आणि हवामान दोन्ही मिळून पीक ठरते, तसेच इथे आहे. जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून असे दिसते की, या विकाराकडे असलेला कल साधारण निम्म्याने आनुवंशिक असतो. काही मुले जन्मतःच पातळ कातडीची असतात. इतरांना खरचटते तिथे त्यांना भाजते, आणि ती आग विझायलाही वेळ लागतो. अशा मुलाला घरात सतत "त्यात रडण्यासारखं काय आहे?", "उगाच तमाशा करू नकोस" असे ऐकावे लागले, तर आपल्याला जे वाटते ते खरे की खोटे हेच त्याला कळेनासे होते. हळू बोलून कुणी ऐकत नाही, ओरडले की ऐकतात, हे ते शिकते. पुष्कळ रुग्णांच्या बालपणी मारहाण, अत्याचार किंवा हेळसांड झालेली असते. पण सगळ्यांच्या नव्हे. चांगल्या, प्रेमळ घरांतही हा विकार होतो. तेव्हा आईबापांनी स्वतःला फासावर चढवून घेण्याचे कारण नाही. आमच्या बहिणीला हे पटायला फार दिवस लागले.

हार्टफर्डच्या दवाखान्यातील मुलगी

आता एक खरी हकिकत ऐका. ती दूरदेशीची आहे, पण ती ऐकल्यावर आम्हाला धीर आला.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील टल्सा गावची मार्शा लिनहान ही मुलगी १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कनेटिकट राज्यातील हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात दाखल झाली. ती स्वतःला एवढी इजा करीत असे की तिला एकांतखोलीत बंद ठेवावे लागले. तिथेही ती डोके भिंतीवर आपटी. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले, भारी औषधे दिली, विजेचे झटके दिले. उपयोग झाला नाही. सव्वादोन वर्षांच्या आसपास तिथे काढून १९६३ साली ती बाहेर आली.

या मुलीने मनाशी ठरवले होते की, मी या नरकातून बाहेर पडेन आणि मग परत येऊन इतरांना बाहेर काढीन. तिने शिकागोला नोकरी करीत रात्रीचे वर्ग केले. १९७१ साली लोयोला विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाली आणि तिने मुद्दाम तेच रुग्ण हाती घेतले ज्यांना इतर डॉक्टर टाळत. सतत जीव द्यायला निघालेले, भांडणारे, उपचार अर्ध्यावर टाकणारे.

बाईंनी आधी बदलण्याचे शास्त्र वापरून पाहिले : असे वागू नका, तसे वागा. रुग्ण चिडले. त्यांना वाटले, हीसुद्धा आपल्यालाच चुकीचे ठरवते आहे. मग नुसते समजून घेण्याचा मार्ग घेतला. तर रुग्ण म्हणाले, आमचे हाल चालू आहेत आणि तुम्ही नुसत्या मान डोलावता. शेवटी बाईंनी दोन्ही बैल एकाच जुवाला जुंपले. तू आत्ता जशी आहेस तशी मला मान्य आहेस, आणि तुला बदलायलाही हवे. या दोन उलट गोष्टी एकत्र धरून चालायचे, म्हणून त्या उपचाराला डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, थोडक्यात डीबीटी, असे नाव पडले. त्याच्या वर्षभराच्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. हा उपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी झाले, रुग्णालयात काढावे लागलेले दिवस कमी झाले आणि उपचार सोडून जाणाऱ्यांची संख्याही कमी राहिली.

या साऱ्या काळात बाईंनी स्वतःची गोष्ट जगाला सांगितली नव्हती. २०११ साली, त्याच हार्टफर्डच्या दवाखान्यात जाऊन, त्यांनी भर सभेत सांगितले की मी इथली रुग्ण होते. पन्नास वर्षे झाली होती.

या उपचारात करतात काय?

आठवड्यातून एकदा उपचारकाशी बोलणे, आठवड्यातून एकदा गटात बसून शिकणे, अडचणीच्या वेळी फोनवर थोडा सल्ला, आणि उपचारकांचीही आपापसांत नियमित बैठक, असे त्याचे चार भाग. गटाचा वर्ग म्हणजे खरोखर शाळाच. तिथे चार गोष्टी शिकवतात :

पहिली, भानावर राहणे. आत्ता माझ्या मनात काय चालले आहे ते पाहणे, त्यात वाहून न जाणे. बाईंनी हे झेन साधनेतून घेतले.

दुसरी, तग धरणे. लाट आली की ती ओसरेपर्यंत काही वाईट न करता निभावणे. तोंडावर गार पाणी घेणे, भरभर चालणे, संथ लांब श्वास सोडणे, असले साधे उपाय त्यात आहेत. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी गार पाण्याचा उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा.

तिसरी, भावना ओळखणे आणि सांभाळणे. झोप, जेवण, व्यायाम यांची शिस्त यातच येते. उपाशी, जागरण झालेले मन लवकर पेटते.

चौथी, माणसांशी वागणे. हवे ते कसे मागावे, नको ते कसे नाकारावे, आणि दोन्ही करताना नाते कसे राखावे.

आमच्या मते या चार गोष्टी आपल्या संचालक मंडळापासून ऊसतोड टोळीपर्यंत सगळ्यांनीच शिकाव्यात अशा आहेत.

बरे होते का?

हा प्रश्न आमच्या बहिणीने पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारला होता. उत्तर आकड्यांत देतो. अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी आणि सहकाऱ्यांनी १९९२ पासून या विकाराच्या २९० रुग्णांचा दर दोन वर्षांनी पाठपुरावा केला. हे सगळे रुग्णालयात दाखल करावे लागलेले, म्हणजे कठीण रुग्ण. दहा वर्षांनंतर त्यांतील ९३ टक्के लोक असे निघाले की सलग किमान दोन वर्षे त्यांना हे निदान लागू पडत नव्हते. ८६ टक्क्यांच्या बाबतीत ही सुधारणा किमान चार वर्षे टिकली. मात्र लक्षणे जाणे वेगळे आणि नोकरी-नाती पुन्हा उभी राहणे वेगळे. ते दुसरे यश दहा वर्षांत निम्म्या लोकांना मिळाले.

म्हणजे हे आडसाली पीक आहे. वेळ लागतो, पण उगवते. काहींचे पुन्हा बिघडते, पुन्हा सावरते. मात्र ज्यांच्यावर आपण "ही कधी सुधारायची नाही" असा शिक्का मारतो, त्यांच्यातले बहुतेक सुधारतात.

औषधांविषयी स्पष्ट लिहितो. खास या विकाराची गोळी आजतागायत निघालेली नाही. सोबत नैराश्य, चिंता, झोप न लागणे असे काही असेल तर डॉक्टर त्याची औषधे देतात आणि ती घ्यावीत. पण मुख्य उपचार बोलण्याचा आणि शिकण्याचा आहे. डीबीटीशिवाय लंडनच्या बेटमन आणि फोनगी यांची पद्धतही आहे, तिच्यात आपल्या आणि समोरच्याच्या मनात काय चालले असेल याचा विचार करायला शिकवतात.

आता कुणी म्हणेल, हे सिएटल-लंडनचे उपचार आमच्या तालुक्याला कुठून मिळणार? प्रश्न रास्त आहे. डीबीटीचे चारही भाग एका ठिकाणी मिळणे आपल्याकडे अवघड आहे. पण कॅनडात टोरांटो येथे १८० रुग्णांवर झालेली एक चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना डीबीटी दिली. उरलेल्या अर्ध्यांना या विकाराची जाण असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांकडून नियमित, सुसूत्र उपचार दिले. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच सुधारले. आमच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. ठिबकचे पाणी थेंब थेंबच असते, पण रोज मुळाशी पोचते. या विकाराची माहिती असलेला एक डॉक्टर आणि न चुकता होणारी भेट, एवढे जमले तरी काम सुरू होते.

घरच्यांनी काय करावे?

(१) वाफसा आल्याशिवाय औत घालू नये. ओल्या रानात नांगर घातला तर ढेकळे निघतात, हे आपल्याला सांगायला नको. राग किंवा रडण्याची लाट चालू असताना उपदेश, हिशेब, जुनी प्रकरणे काढू नयेत. लाट ओसरू द्यावी, मग बोलावे.

(२) आधी ऐकावे. "तुला आत्ता फार त्रास होतोय, ते दिसतंय मला," एवढे वाक्य पुरते. याचा अर्थ तिचे सगळे म्हणणे बरोबर मानले असा नाही. भावना मान्य करावी, तोडफोड मान्य करू नये.

(३) बोलाल ते पाळावे. चार वाजता येतो म्हणालात तर चारला यावे, नाही तर कळवावे. सोडून जाण्याची भीती ज्याच्या मनात आहे, त्याला अर्धा तास फार लांब असतो.

(४) घरात एकच धोरण असावे. आईने हो आणि बापाने नाही म्हटले की बांध तिथेच फुटतो.

(५) जीव देण्याची भाषा कधीही हसण्यावारी नेऊ नये. "बोलणारे करत नाहीत" हे साफ खोटे आहे. तसा विचार मनात आहे का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी माणसाला एकटे ठेवू नये.

(६) शेतीची औषधे कुलपात. हे आम्ही सभासदांना हात जोडून सांगतो. कीटकनाशके, तणनाशके माजघरात, पलंगाखाली, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवण्याची आपली सवय आहे. ही लाट पुष्कळदा काही मिनिटांचीच असते. त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर जगणे-मरणे ठरते. शेजारच्या श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक खाली आले. हाताशी विष नसल्याने माणसे वाचली. तेव्हा रानातल्या खोलीत पेटी करावी, कुलूप लावावे, किल्ली एका जबाबदार माणसाकडे असावी. लागेल तेवढेच औषध आणावे.

(७) लग्न हा उपचार नाही. यावर आम्ही जास्त काय लिहावे?

(८) देवर्षी-भगताकडे नेऊन वेळ घालवू नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. देवाला जायचे त्याने जरूर जावे, पण दवाखाना चुकवू नये.

(९) सांभाळणाऱ्याने स्वतःलाही सांभाळावे. आमची बहीण दोन वर्षे रात्री धड झोपली नव्हती. घरातल्या चौघांनी पाळ्या लावाव्यात, जशा पाण्याच्या लावतो.

मदत कुठे मिळेल?

जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्री केव्हाही, फुकट, मराठीत बोलता येते. हा क्रमांक गट कार्यालयातील फलकावर आम्ही लावला आहे.

पोलीस केस होईल या भीतीने पुष्कळ घरे अशा प्रसंगी दवाखाना टाळतात किंवा खोटे कारण सांगतात. त्यात मोलाची वेळ जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या ११५ व्या कलमानुसार, जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला काळजी व उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. जुन्या दंडसंहितेतले या प्रयत्नाला सरसकट शिक्षा सांगणारे ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून गेले. तेव्हा डॉक्टरांना खरे ते सांगावे.

शेवटी

आमच्या भाचीला आता सात वर्षे झाली. पहिली दोन वर्षे ती दर गुरुवारी आईबरोबर एसटीने जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांकडे जाई. मधे दोनदा पुन्हा बिघडले. एकदा तिने सहा महिने जाणेच सोडले. डॉक्टरांनी तिचे नाव वहीतून काढले नाही. ती परत गेली. पुढे एका उपचारक बाईंनी तिला तग धरण्याच्या युक्त्या शिकवल्या. अजूनही एखाद्या दिवशी ती ताटावरून उठते आणि बांधाबांधाने भरभर चालत विहिरीपलीकडच्या आंब्यापर्यंत जाऊन येते. परत आली की गार झालेले जेवण जेवते. आम्ही कुणी काही विचारत नाही. आज ती एका पतसंस्थेत कामाला आहे आणि स्वतःच्या पगारातून आईला चष्मा करून दिला, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

हा लेख वाचून दाखवला तेव्हा शेवटी आम्ही असे लिहिले होते की, "घरच्यांनी तिला बरे केले." ती थांबली. म्हणाली, "मामा, तेवढं बदला. मी बरी झाले. तुम्ही बरोबर होता."

तसे बदलून छापले आहे.

कुणा सभासदाच्या घरी असा प्रश्न असेल आणि काय करावे सुचत नसेल, तर गट कार्यालयात येऊन आम्हाला भेटावे. पिवळे पान घेऊन येता, तसेच या. नाव बाहेर जाणार नाही. डॉक्टरांच्या दारापर्यंत आम्ही बरोबर येऊ.